जुन्या मोटरहोमचे डिझेल इंजिन जोखताना

जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊ पाहणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न इंजिनाच्या नावाचा विचारतो: मर्सिडीजचे चांगले की फियाटचे, फोक्सवॅगनचे घ्यावे की कमिन्सचे. मग त्याला कुणीतरी सांगतो, की अमुक इंजिन दहा लाख किलोमीटर चालते आणि तमुक इंजिनात दमच नाही. जुन्या डिझेल इंजिनांचा नाद मला बऱ्याच काळापासून आहे आणि त्यातून माझे ठाम मत असे झाले आहे, की भरवसा आणि ताकद हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. इंजिन किती टिकेल हे बरेचसे त्याच्याकडून त्याच्या क्षमतेच्या किती वाट्याचे काम सतत घेतले जाते आणि ते करताना ते किती तापते यावर ठरते. म्हणून आधी गाडीला किती ताकद लागते याचा हिशेब मांडावा आणि मग इंजिनाकडे वळावे.

‘जुनी’ म्हणताना माझ्यापुढे साधारण १९७७ ते २००६ या काळातल्या गाड्या आहेत. १९७७ साली मर्सिडीजची टी-१ व्हॅन आली, १९८१ साली फियाट डुकाटो आली, आणि २००६ साली डुकाटोच्या दुसऱ्या पिढीची जागा तिसरीने घेतली. युरोपातली बहुतेक मोटरहोम या आणि अशाच मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यांवर बांधली गेली. अमेरिकेतली मोठी, मागे इंजिन असलेली मोटरहोम ही वेगळी जात आहे. तिच्याविषयी पुढे लिहितो.

हिशेबासाठी ३,००० किलो वजनाचे, समोरून सहा-सव्वासहा चौरस मीटर क्षेत्रफळाचे मोटरहोम धरू. सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर वेग राखायला हवेचा अवरोध सुमारे ३१ किलोवॅट खातो आणि टायरचे घर्षण सुमारे ९ किलोवॅट. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारा दहावा भाग मिळवला तर इंजिनाला सुमारे ४४ किलोवॅट, म्हणजे ६० अश्वशक्ती द्यावी लागते. तेच वाहन ताशी ११० ने न्यायचे ठरवले तर आकडा १०० अश्वशक्तीच्या वर जातो, कारण हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आता चढ घेऊ. १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर उंची गाठणारा रस्ता ताशी ६० ने चढायचा तर नुसते वजन उचलायलाच २९ किलोवॅट लागतात आणि हवा, टायर, गिअरबॉक्स मिळून एकूण गरज ५० किलोवॅटच्या, म्हणजे ६७ अश्वशक्तीच्या आसपास जाते. हाच चढ ताशी ८० ने चढायचा तर १०० अश्वशक्तीही थोडी अपुरीच पडते.

हे आकडे डोळ्यांपुढे ठेवले की जुन्या इंजिनांच्या माहितीपत्रकांचा अर्थ लागू लागतो. मर्सिडीजच्या टी-१ मालिकेतल्या २०७ डी मधले २.४ लिटरचे ओएम ६१६ इंजिन ७२ अश्वशक्तीचे आहे. ते आपल्या मोटरहोमला त्या चढावर ताशी ६० ने नेऊ शकते, पण तेव्हा त्याच्या हाती जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. सपाटीवर ताशी ८० ने चालवणाऱ्याच्या हाती हेच इंजिन वर्षानुवर्षे टिकते, आणि कायम पाय दाबून ११० गाठू पाहणाऱ्याच्या हाती लवकर थकते. इंजिन एकच असते, त्याची कीर्ती मात्र दोन मालकांच्या तोंडून दोन वेगवेगळ्या प्रकारे ऐकू येते. फोक्सवॅगनच्या टी-३ व्हॅनमधले ५० अश्वशक्तीचे १.६ लिटर डिझेल याचे आणखी ठळक उदाहरण आहे. इतक्या थोड्या ताकदीवर मोटरहोमचे वजन वाहायचे म्हणजे जवळजवळ सतत पूर्ण भार घ्यायचा, आणि त्यातच इंजिन मागे व रेडिएटर पुढे असल्याने कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, गाडीच्या लांबीएवढ्या नळ्यांतून ये-जा करावी लागते. त्या नळ्यांत हवा अडकली किंवा कुठे गळती झाली, तर सिलिंडर हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणाला, तडा जायला वेळ लागत नाही. पुढे आलेल्या ७० अश्वशक्तीच्या टर्बो (सिलिंडरांत हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनाने वेग वाढवला, पण उष्णतेचा प्रश्न सोडवला नाही.

अश्वशक्तीचा छापील आकडा इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या जवळचा असतो आणि तिथे आपण फारच क्वचित गाडी चालवतो. म्हणून मी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कोणत्या फेऱ्यांना मिळतो हे पाहतो. न्यूटन-मीटरमधला टॉर्क आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार करून ९,५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. फोक्सवॅगनच्याच टी-४ व्हॅनमधले बिनटर्बोचे २.४ लिटर इंजिन ७८ अश्वशक्तीचे आणि १६४ न्यूटन-मीटरचे, तर २.५ लिटरचे टर्बो असलेले टीडीआय १०२ अश्वशक्तीचे आणि २५० न्यूटन-मीटरचे आहे. कागदावर दुसरे तिसऱ्या हिश्शाने मोठे दिसते. पण मिनिटाला २,००० फेऱ्यांना पहिले सुमारे ३४ किलोवॅट देते आणि दुसरे ५२, म्हणजे फरक निम्म्याहून अधिक आहे. वर मांडलेला चढ टीडीआय २,००० फेऱ्यांना, आवाज न वाढवता चढते, तर २.४ ला खालच्या गिअरमध्ये येऊन जवळजवळ कमाल फेऱ्यांपर्यंत पळावे लागते. त्याने ते इंजिन लगेच मोडते असे नाही. बिनटर्बोचे इंजिन जितकी हवा ओढते तितकेच डिझेल जाळू शकते, ही मर्यादा त्याला एका अर्थी सांभाळते. मात्र उंचीवर हीच मर्यादा जाचक होते. दर १,००० मीटरला हवा विरळ होत जाऊन ताकद सुमारे दहाव्या हिश्शाने घटते, त्यामुळे २,००० मीटरवरच्या खिंडीत ७२ अश्वशक्तीच्या इंजिनाकडे ५८ च्या आसपासच उरतात. टर्बोचे इंजिन ही घट बरीचशी भरून काढते, आणि डोंगराळ भागात फिरणाऱ्याने टर्बो घ्यावा असे मी म्हणतो ते प्रामुख्याने याच कारणासाठी.

फियाट डुकाटोच्या बाबतीत हा प्रवास एकाच गाडीत पाहता येतो. दुसऱ्या पिढीत १९९८ साली १२२ अश्वशक्तीचे २.८ लिटर थेट इंजेक्शनचे टर्बो आले. त्याचा पंप यांत्रिक होता. त्यानंतर २.८ जेटीडी आले, कॉमन रेलचे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एका सामाईक नळीतून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल देणारे, १२७ अश्वशक्तीचे. ताकदीत फरक नगण्य आहे. जेटीडी कमी आवाज करते आणि थोडे कमी डिझेल पिते. पण ज्याला दूरच्या गावी साध्या हत्यारांनी दुरुस्ती करून घ्यायची आहे त्याला मी जुन्या यांत्रिक पंपाचे इंजिन सुचवीन, कारण त्याला चालू राहायला डिझेल, हवा आणि पंपाच्या सोलेनॉइडपर्यंत पोहोचणारी वीज एवढेच पुरते. दोन्हींत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा, आहे, आणि इथून भरवशाचा विषय सुरू होतो.

कॅमशाफ्ट कशाने फिरतो हा प्रश्न मी इंजिनाच्या नावाआधी विचारतो. मर्सिडीजच्या ओएम ६१६, ६१७, ६०१ आणि ६०२ या इंजिनांत साखळी आहे. ती हळूहळू सैल होते, पण तुटण्याआधी बहुधा आवाजाने कळवते. कमिन्सच्या ५.९ लिटर बी मालिकेत गिअर आहेत. फियाटच्या २.५ आणि २.८, फोक्सवॅगनच्या टी-३ व टी-४ मधल्या आणि प्यूजोच्या १.९ लिटर इंजिनांत रबरी बेल्ट आहे, आणि तो काहीही न कळवता तुटतो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टी-४ मधल्या पाच सिलिंडरच्या २.५ टीडीआयला तर दोन बेल्ट आहेत, एक पुढे आणि एक मागे, पंपासाठी. अनेकदा पुढचा बदलून मागचा तसाच ठेवलेला आढळतो. बेल्ट वयानेही खराब होतो, आणि मोटरहोम वर्षाला थोडेच किलोमीटर चालत असल्याने इथे वयच आधी भरते. बेल्टचे इंजिन वाईट असा याचा अर्थ नाही. बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे, एवढाच अर्थ आहे.

दुसरा प्रश्न डिझेल पंपाचा. ओएम ६१६ आणि ६१७ चा रांगेतला पंप इंजिनाच्या ऑइलवर वंगण घेतो, म्हणून डिझेलच्या दर्ज्याविषयी तो पुष्कळ सोशिक आहे. गोल फिरणारे पंप आणि कॉमन रेलचे पंप डिझेलनेच वंगण घेतात. त्यात पाणी शिरले किंवा टाकीत बुरशी वाढली तर आतले भाग घासले जातात. कमिन्सच्या १९९८ ते २००२ या काळातल्या २४ व्हॉल्व्हच्या इंजिनावरचा व्हीपी ४४ पंप याचे चांगले उदाहरण आहे: टाकीतून डिझेल आणणारा छोटा पंप अशक्त झाला, की मोठ्या पंपाला पुरेसे डिझेल मिळत नाही आणि तो स्वतःच निकामी होतो. डिझेलचा दाब दाखवणारा एक साधा मापक ही हानी टाळू शकतो.

अमेरिकी इंजिनांकडे आलोच आहोत तर त्यांची काही जुनी दुखणी सांगतो, कारण तिथे नावावर विसंबणे अधिक घातक ठरते. कमिन्सचे १२ व्हॉल्व्हचे ५.९ लिटर इंजिन जगातल्या सर्वांत विश्वासार्ह डिझेल इंजिनांत गणले जाते आणि ते योग्यच आहे. तरी त्याच्या पुढच्या गिअरच्या पेटीत एक पोलादी डॉवेल पिन असते, जी सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते. ती पक्की केली आहे का, हे विचारल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. २४ व्हॉल्व्हच्या काही ब्लॉकवर ओतीव ‘५३’ हा आकडा असतो. त्या ओतकामात पाण्याच्या भोवतालची भिंत पातळ राहिल्याने ते ब्लॉक बाजूने तडकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. फोर्डच्या सांगाड्यांवरच्या ७.३ लिटर प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) इंजिनात सिलिंडरची भिंत थरथरल्याने कूलंटमध्ये बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि भिंतीला बारीक छिद्रे पाडतात. त्यावर उपाय म्हणजे कूलंटमध्ये ठरावीक पूरक रसायन वेळोवेळी घालणे, आणि ते घातले गेले का हे मागच्या मालकालाच ठाऊक असते. कॅटरपिलरचे ३२०८ हे १०.४ लिटरचे व्ही-८ इंजिन दमदार आहे, पण त्याला बदलता येणारे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळीसारखी अस्तरे, नाहीत, त्यामुळे सिलिंडर झिजले की ब्लॉकच बाहेर काढून रिबोअर करावा, म्हणजे आतून कोरून घ्यावा लागतो. मागे इंजिन असलेल्या मोटरहोममध्ये आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) नळीतून निघणारी ऑइलची वाफ मागच्या रेडिएटरवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि जाळी आतल्या बाजूने बुजत जाते. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो आणि इंजिन मात्र चढावर तापते.

किलोमीटरच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही, आणि जुन्या अनेक गाड्यांत तो पाच अंकी असल्याने ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो हे त्याचे एकमेव कारण नाही. अतिशय कमी चाललेले मोटरहोम वर्षानुवर्षे उभे राहिलेले असते, आणि उभे राहणे डिझेल इंजिनाला मानवत नाही. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहतात त्यात दमट हवा शिरून भिंतींवर गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटतात, पंपाची रबरी सीले कडक होतात आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये संपतात. दर वर्षी काही हजार किलोमीटर नियमित चाललेले, ठराविक मुदतीत ऑइल बदललेले आणि अंगावर दोन-अडीच लाख किलोमीटर असलेले इंजिन मला त्याहून जवळचे वाटते. महिन्यातून एकदा दहा मिनिटे जागेवर सुरू ठेवणे हा उपायही नाही. इंजिन पुरते तापत नाही, आणि आत तयार झालेले पाणी ऑइलमध्येच राहते.

पाहणीला जाताना विक्रेत्याला आधीच सांगावे, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर हात लावून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी. थंड इंजिनावरची वरची कूलंटची नळी दाबून कडक लागली, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असल्याची, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचे सील) किंवा हेड सदोष असल्याची शंका घ्यावी. मग सिलिंडर आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगला पुरता वेळ देऊन इंजिन सुरू करावे. प्री-चेंबरचे इंजिन थंडीत ग्लो प्लगशिवाय कष्टानेच सुरू होते, त्यामुळे एखादा प्लग गेला असेल तर थोडा वेळ अडखळणे आणि पांढरा धूर हे क्षम्य आहे. एका मिनिटानंतरही पांढरा धूर राहिला आणि त्याला जळक्या डिझेलचा उग्र वास असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातल्या हवेचा दाब, कमी आहे किंवा इंजेक्टर नीट फवारत नाही. वास गोडसर असेल तर कूलंट जळतो आहे. निळा धूर ऑइलचा. काळा धूर डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचा, आणि तो बहुधा स्वस्तात सुटतो, कारण हवेचा फिल्टर, टर्बोची फाटलेली नळी किंवा ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह हीच कारणे सहसा निघतात. डिपस्टिकवरचे काळे ऑइल पाहून घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे ऑइलही काही तासांत काळे होते. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण सैल करून पाहावे. वाफ किंचित येणारच, पण धक्के देत धूर बाहेर पडत असेल तर रिंगांनी साथ सोडलेली आहे.

कॉम्प्रेशनची चाचणी केल्याशिवाय मोठा व्यवहार करू नये असे मी म्हणेन, पण तिचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. मर्सिडीजच्या ओएम ६१७ मध्ये २२ ते २४ बार हा नव्या इंजिनाचा दाब आहे आणि १५ बार ही खालची मर्यादा. फोक्सवॅगनच्या १.६ डिझेलमध्ये नव्या इंजिनाचा दाब ३४ बारच्या घरात असतो, आणि तिथे २४ बार म्हणजे इंजिन पूर्ण खोलण्याची वेळ आली. म्हणून त्या त्या इंजिनाची पुस्तिका हाताशी असावी आणि सिलिंडरांमधला परस्पर फरक अधिक बारकाईने पाहावा. पेट्रोल इंजिनासाठीचा मापक इथे चालत नाही, आणि बॅटरी मंद असली तर चांगले इंजिनही वाईट दिसते. ऑइलच्या नमुन्याची प्रयोगशाळेतली तपासणीही मोलाची आहे: सोडियम किंवा पोटॅशियम म्हणजे कूलंट, सिलिकॉनबरोबर लोखंड आणि ॲल्युमिनियम म्हणजे धूळ आत गेली. मात्र विक्रेत्याने कालच ऑइल बदलले असेल तर ती तपासणी करण्यात अर्थ नाही.

ताकद प्रत्यक्ष मोजण्याची एक रीत मला फार आवडते, कारण तिला महागडे यंत्र लागत नाही. गाडीचे खरे वजन वजनकाट्यावर करून घ्यावे. माहितीपत्रकातले वजन पाणी, सामान आणि माणसांशिवायचे असते. मग वारा नसताना सपाट, मोकळ्या रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून ताशी ५० पासून ८० गाठायला किती सेकंद लागतात ते जीपीएसच्या वेगावरून मोजावे, दोन्ही दिशांनी, आणि सरासरी घ्यावी. ३,००० किलोच्या आपल्या मोटरहोमला १५ सेकंद लागले, तर गती वाढवायला ३० किलोवॅट आणि हवा-टायरला सुमारे १८, असे धरून इंजिनाने सरासरी ५३ किलोवॅट, म्हणजे ७२ अश्वशक्ती दिली. २५ सेकंद लागले तर ५४ च दिली. ही सरासरी आहे, त्यामुळे छापील कमाल आकड्यापेक्षा ती नेहमीच कमी येणार. पण १०२ किंवा १२२ अश्वशक्तीच्या इंजिनाकडून ५४ च मिळत असतील तर टर्बो, पंप किंवा फिल्टर यांपैकी काहीतरी नक्कीच चुकते आहे.

त्यानंतर लांब चढ शोधावा, आणि दहा-पंधरा मिनिटे इंजिन भाराखाली ठेवून तापमानाच्या काट्याकडे पाहावे. काटा मधोमध स्थिर राहिला तर उत्तम. हळूहळू वर सरकत राहिला तर रेडिएटर, पंखा किंवा पंखा फिरवणारा व्हिस्कस क्लच तपासावा लागेल. चढ संपल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल जळत नाही. पुन्हा थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी.

ताकद वाढवून घेण्याविषयी अनेकजण विचारतात. पंपाचा स्क्रू फिरवून किंवा चिप बसवून डिझेल वाढवता येते हे खरे, पण ज्या इंजिनाचा रेडिएटर आणि हेड मूळ ताकदीसाठी बनवले आहे त्याच्यावर १५ मिनिटांच्या चढात ती वाढीव उष्णता कुठे जाणार, याचे उत्तर कुणी देत नाही. तसे करायचेच असेल तर आधी इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा) आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा मापक बसवावा, आणि टर्बोच्या आधी सुमारे ७०० अंश सेल्सियस ही सततच्या भारासाठीची मर्यादा मानावी. माझा कल वजन कमी करण्याकडे आहे. भरलेल्या टाकीतले १०० लिटर पाणी म्हणजे चढावर वाहायचे १०० किलो, आणि ते मुक्कामाजवळ भरता येते.

गाडी घेतल्यावर बेल्ट, त्याचा ताण देणारा रोलर, वॉटर पंप, कूलंट आणि डिझेलचा फिल्टर एकदमच बदलावेत आणि मग ५० ते ८० ची चाचणी पुन्हा करून वजनासह वहीत नोंदवावी. दर वर्षी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाने ती करावी. सेकंद वाढू लागले तर आधी हवेचा आणि डिझेलचा फिल्टर पाहावेत, मग टर्बोच्या नळ्या, आणि तिथे काही सापडले नाही तरच इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन मोजावे.